नागाचे विष श्वास कसा थांबवते, आणि तो चालू कसा ठेवायचा

प्रश्न असा आहे: शेतात नाग चावलेल्या चुलतभावाला ग्रामीण रुग्णालयात प्रतिविषाच्या १० बाटल्या दिल्या. तरीही दोनेक तासांनी त्याचा श्वास थकला. नळी घालून त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले आणि तिसऱ्या दिवशी तो बोलू लागला. मग इंजेक्शन लागूच पडले नव्हते का? नागाच्या दंशाने उंदीर काही मिनिटांत मरतो, माणसाला मात्र कधी तास लागतात आणि कधी काहीच होत नाही, हे कसे? आणि भावाच्या पायावरची जागा काळी का पडली?

आधी थोडक्यात सांगतो. इंजेक्शन लागू पडले होते आणि व्हेंटिलेटरचा निर्णयही बरोबर होता. नागाचे विष माणसाला मारते ते मुख्यतः श्वासाचे स्नायू बंद पाडून. हृदय चालू असते, मेंदू जागा असतो, घोणस चावल्यावर बिघडते तसे रक्ताचे गोठणेही बिघडलेले नसते. छाती तेवढी हलेनाशी होते. ते एक काम काही तास किंवा दोन-तीन दिवस दुसऱ्या कोणी केले, तर माणूस चालत घरी जातो. तालुक्याच्या गावात इतके पावसाळे सर्पदंशाचे रुग्ण पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे: श्वास थांबण्याआधी जो रुग्ण अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताळता येणाऱ्या माणसापर्यंत पोहोचतो, तो नागदंशाने सहसा जात नाही. जातात ते घरी, देवळात किंवा वाटेत.

आता नागाच्या बाजूने पाहू, कारण विष मुळात त्याच्या पोटासाठी आहे. उंदीर, बेडूक, सरडे, पक्षी, अंडी, प्रसंगी दुसरे साप हे त्याचे खाणे. त्याला भक्ष्य अख्खे गिळावे लागते, आणि धडपडणारा उंदीर चावरा असतो. त्याचे दात नागाच्या डोळ्याला किंवा जबड्याला लागले तर शिकार महागात पडते. म्हणून भक्ष्य चटकन निपचित पडले पाहिजे, तेही बिळात किंवा गवतात दिसेनासे होण्याआधी. घोणस दंश करून उंदराला सोडून देते आणि मग वासाच्या मागाने त्याला गाठते. नागाचे सुळे आखूड, वरच्या जबड्यात पुढे घट्ट बसलेले. तो पुष्कळदा पकड सोडत नाही, जबडा दाबत राहतो आणि डोळ्यामागच्या ग्रंथीतून विष आत जात राहते.

त्या विषात अनेक प्रथिने असतात. त्यांतल्या दोन गटांवर तुमच्या भावाची सगळी कहाणी उभी आहे. एक गट मज्जातंतूंवर काम करणारा, दुसरा पेशींची आवरणे फोडणारा. गंमत अशी की हे दोन्ही गट एकाच घराण्यातले आहेत. साठ-सत्तर अमिनो आम्लांची छोटी प्रथिने, मधल्या गाभ्यातून तीन बोटे बाहेर काढल्यासारखा त्यांचा आकार. आकार लहान म्हणून ती ऊतींतून झपाट्याने रक्तात उतरतात. शिवाय विषात हायलुरोनिडेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते पेशींमधला चिकट थर विरघळवून या सगळ्यांना वाट करून देते.

मज्जातंतूच्या टोकाशी घडते ते असे. स्नायूने आकसावे म्हणून तंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते, ते स्नायूवरच्या ग्राहींवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसते आणि स्नायू हलतो. नागाचे विषद्रव्य हे ग्राही आधीच अडवून ठेवते. गर्दीच्या एसटीत कोणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरून ठेवावी तसे. ॲसिटिलकोलीन येते, पण त्याला बसायला जागा नसते. मज्जातंतू शाबूत, स्नायू शाबूत, दोघांमधला निरोप तेवढा पोहोचत नाही. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणांना लावत त्या कुरारेचे कामही असेच चालते. नागाचे विषद्रव्य मात्र ग्राहीला त्याहून कितीतरी घट्ट धरते.

आता उंदराचा हिशोब मांडू. प्रयोगशाळेतल्या उंदरांवर नागाच्या विषाची मारक मात्रा किलोमागे सुमारे अर्धा मिलिग्रॅम येते. प्रदेशानुसार ती कमीजास्त होते, पण अंदाजाला एवढी पुरे. म्हणजे २० ग्रॅमच्या उंदराला एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग पुरतो. पूर्ण वाढलेल्या नागाच्या ग्रंथीतून एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षाही जास्त विष निघू शकते. त्यातला लहानसा वाटा गेला तरी उंदराच्या दृष्टीने तो महापूर असतो. त्यात उंदराचे हृदय मिनिटाला कित्येकशे ठोके टाकणारे, म्हणून विष क्षणात सर्वांगभर फिरते. त्याची प्राणवायूची गरज मोठी आणि साठा नगण्य. श्वासपटल, म्हणजे छातीखालचा श्वासाचा मुख्य स्नायू, थांबले की खेळ आटोपतो. काही मिनिटांत मरणारा उंदीर आणि तीन तासांनी गुदमरणारा माणूस यांच्या शरीरात एकच गोष्ट घडत असते. माणसाच्या पन्नास-साठ किलोंमध्ये ती सावकाश घडते, एवढाच फरक.

या सावकाशीला आणखी एक कारण आहे, आणि ते फार थोड्या लोकांना ठाऊक असते. स्नायूवर ग्राही गरजेपेक्षा पुष्कळ जास्त असतात. त्यांतले साधारण तीन चतुर्थांश अडले तरी स्नायू वरकरणी नीट काम करतो. त्यापुढे थोडे जरी अडले की शक्ती झपाट्याने ढासळते. म्हणूनच दंशानंतर तासभर माणूस चालतो, बोलतो, चहा मागतो आणि घरचे म्हणतात, “काही झालेलं नाही, बिनविषारी असेल.” त्या तासभरात आत जागा भरत चाललेल्या असतात. मग पापण्या जड होतात आणि तिथून श्वासापर्यंतचा उतार कधी कधी अर्ध्या तासाचाही नसतो. ‘अजून बरा आहे’ म्हणून घरी थांबणे हा नागदंशातला सगळ्यांत घातक निर्णय आहे असे मला वाटते.

माणसात लक्षणांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी पापण्या. रुग्ण कपाळाला आठ्या घालून, मान मागे टाकून बघू लागतो, कारण पापणी उचलत नाही. मग एकाचे दोन दिसते. मग जीभ जड, बोलणे नाकातून, घोट गिळता येत नाही, लाळ तोंडात साचते. मग मान धरवत नाही, उशीवरून डोके उचलायला सांगितले तर उचलत नाही. हातपाय गळतात. श्वासपटल शेवटी. ते स्नायूंमध्ये चिवट, त्याच्याकडे राखीव ग्राही भरपूर. पापणी पडल्यापासून श्वास थांबेपर्यंतचा हा काळ म्हणजेच आमची संधी. म्हणून आम्ही रुग्णाला वर छताकडे बघत राहायला सांगतो, एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते दर थोड्या वेळाने तपासतो. मघाशी पंचविसापर्यंत मोजणारा आता दहावर अडकला, तर नळी घालायची तयारी सुरू. ऑक्सिमीटरवरचा आकडा कोसळण्याची वाट पाहायची नसते. तो उशिरा कोसळतो.

या सगळ्यात रुग्णाची शुद्ध गेलेली नसते. हे मला मोठ्याने सांगावेसे वाटते. प्राणवायू मिळत असेल तर व्हेंटिलेटरवरचा, डोळे मिटलेला, बोटही न हलवणारा माणूस सगळे ऐकत असतो. “काही खरं नाही आता”, “न्यायचं का घरी” हे शब्द त्याच्या कानावर पडत असतात. बरे झालेले रुग्ण ते नंतर सांगतात, कोण काय बोलले त्यासकट. कधी लकवा इतका पूर्ण असतो की डोळ्यांच्या बाहुल्याही प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत आणि नवख्या डॉक्टरला मेंदू मृत झाल्याचा भास होतो. मण्यारीत हे जास्त दिसते, नागातही दिसू शकते. सर्पदंशाच्या रुग्णाबाबत असा निष्कर्ष घाईने काढता कामा नये. भावाच्या उशाशी बसून त्याच्याशी बोलणाऱ्यांनी फार मोलाचे काम केले आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. प्रतिविष म्हणजे घोड्यांना वाढत्या मात्रेत विष टोचून त्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिद्रव्ये. ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेत यांनी सायगाव येथे नागाच्या विषावर काम सुरू केले आणि १८९० च्या दशकात पहिले प्रतिविष तयार केले. आज आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकत्र चालते. मुंबईत परळला हाफकिनमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या बनत आले आहे. त्यासाठी लागणारे विष प्रामुख्याने तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. या प्रतिविषाच्या एका मिलिलिटरने नागाचे ०.६ मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावे असे प्रमाण आहे. म्हणजे १० मिलिलिटरच्या १० बाटल्यांमध्ये ६० मिलिग्रॅम विष आवरण्याची ताकद असते.

पण आवरायचे कोणते विष? रक्तात मोकळे फिरणारे. त्याला प्रतिद्रव्ये लगेच पकडतात, म्हणून नवे ग्राही अडवले जात नाहीत. आधीच घट्ट बसलेले विषद्रव्य सुटायला मात्र वेळ लागतो. प्रतिविष त्याला मदत करते, तरी हे बटण दाबल्यासारखे होत नाही. बाटल्या चढत असतानाच श्वास थकला, तर इंजेक्शन वाया गेले असे समजू नका. चढलेल्या लकव्याची उतरण सुरू व्हायला काही तास जातात आणि तेवढा काळ श्वास बाहेरून द्यावा लागतो. प्रतिविष दिले नसते तर तोच व्हेंटिलेटर जास्त दिवस लागला असता. आणि दहाच्या जागी पन्नास बाटल्या दिल्याने रुग्ण लवकर उठत नाही. मज्जातंतूंच्या लक्षणांसाठी २० बाटल्यांच्या पुढे जाण्यात अर्थ नाही, असे आपल्याकडचे उपचारांचे नियम सांगतात, आणि माझा अनुभवही तोच आहे. नातेवाईक कळवळून “अजून द्या” म्हणतात तेव्हा त्यांना हे समजावणे हा उपचाराचाच भाग आहे.

नागाच्या बाबतीत आणखी एक औषध हाताशी असते, आणि ते स्वस्त आहे: निओस्टिग्मिन. ॲसिटिलकोलीन मोडून टाकणाऱ्या विकराला ते रोखते. मग तंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन साचत जाते आणि अडलेल्या जागांवर त्याची चढाओढ सुरू होते. आधी ॲट्रोपिन (निओस्टिग्मिनचे दुष्परिणाम आवरणारे औषध) देऊन मग हे दिले की पडलेल्या पापण्या अर्ध्या तासाच्या आत उघडलेल्या मी पाहिल्या आहेत. नातेवाइकांचे चेहरे त्या वेळी पाहण्यासारखे असतात. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारातही ग्राही कमी पडतात आणि तिथेही याच जातीची औषधे चालतात. हे साम्य योगायोगाचे नाही. सापाच्या विषद्रव्यांचा आमिषासारखा उपयोग करूनच शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात हे ग्राही वेगळे काढले आणि त्या आजाराचे मूळ उलगडले.

मण्यारीत निओस्टिग्मिनचा भरवसा नाही. मण्यारीच्या विषातला एक मोठा घटक मज्जातंतूचे टोकच उद्ध्वस्त करतो, ॲसिटिलकोलीन सुटतच नाही. ते टोक पुन्हा वाढेपर्यंत कित्येक दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही, रात्री जमिनीवर झोपलेल्याला होतो आणि पहाटे पोटदुखी, पडलेल्या पापण्या घेऊन माणूस येतो. नाग चावला तर आग होते, सूज येते. त्यामुळे साप पाहिलेला नसला तरी बहुतेक वेळा आम्हाला अंदाज बांधता येतो. साप मारून आणण्यात वेळ घालवू नका, त्यात दुसरा माणूसही चावून घेतो. सुरक्षित अंतरावरून मोबाईलमध्ये फोटो निघाला तर उत्तम, नाही निघाला तरी अडत नाही. प्रतिविष चौघांवर एकच आहे.

पायाची काळी पडलेली जागा हे दुसऱ्या गटाचे काम. हे पेशीनाशक घटक पेशीच्या पातळ आवरणात घुसतात, आवरण फुटते आणि पेशी मरते. दंशाभोवती आग, मग ताणलेली सूज, फोड, दोन-तीन दिवसांत काळसर डाग, त्याला एक विशिष्ट दुर्गंधी. कधी मध्ये निरोगी कातडी सोडून पुढे दुसरा काळा पट्टा उमटतो. प्रतिविषाचे बळ इथे तोकडे पडते. हे घटक दंशाच्या जागीच ऊतींना चिकटून बसतात आणि प्रतिविष शिरेतून तिथे पोहोचेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. लकवा पूर्ण उतरतो, पण मेलेली कातडी परत येत नाही. शेतकऱ्याचे बोट गेले, घोट्यावर कातडीरोपण करावे लागले, महिनोन्‌महिने काम बुडाले, या गोष्टी मृत्यूच्या आकड्यांत कुठेच दिसत नाहीत. नागदंशाच्या बातमीत ‘प्राण वाचले’ इथे पूर्णविराम येतो, त्या घराची अडचण बहुतेकदा तिथून पुढे सुरू होते.

जखमेबाबत दोन गोष्टी. फोड फोडू नका, शेण, चुना, तंबाखू, पाला काहीही लावू नका. मेलेला भाग कुठवर आहे हे स्पष्ट झाल्यावर शल्यचिकित्सक तो काढतात. घाई केली तर जिवंत भागही जातो, फार रेंगाळले तर जंतुसंसर्ग वाढतो. आणि नुसती सूज दिसली म्हणून पायाला लांब चिरा देण्याचा मोह टाळायला हवा. आतला दाब मोजून खरोखरच गरज असल्याचे दिसले तरच त्या द्यायच्या. या पेशीनाशक घटकांवर नवे काम चालू आहे. आफ्रिकेतल्या थुंकणाऱ्या नागांच्या विषाने उंदरांत होणारी कातडीची झीज हेपारिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) जातीच्या औषधांनी कमी होते, असे २०२४ मध्ये दाखवले गेले. हेपारिन जगभर मिळते, स्वस्त आहे, म्हणून मला त्यात आशा वाटते. पण माणसांवर सिद्ध होईपर्यंत ते आपल्या पायावर वापरायचे नाही.

थुंकणाऱ्या नागांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आपल्या महाराष्ट्रातला फण्यावर दहाचा आकडा असलेला नाग असे विष फवारत नाही. आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात फवारणाऱ्या जाती आहेत. त्यांच्या विषात पेशीनाशक घटकांना फॉस्फोलिपेज या विकराची जोड मिळून डोळ्यात भयंकर वेदना होतात. तिथे विषाचा उपयोग भक्ष्यासाठी नसून हल्लेखोराला पळवण्यासाठी झालेला दिसतो.

आणि मुंगूस? मुंगसाला नाग चावत नाही किंवा त्याला कुठली मुळी ठाऊक असते असे सांगितले जाते. खरे कारण त्याच्या स्नायूंवर आहे. मुंगसाच्या ग्राहीची घडण बदललेली आहे. नेमक्या जागी साखरेच्या रेणूंची एक साखळी चिकटलेली असते, त्यामुळे विषद्रव्याला तिथे बसता येत नाही. नागाचे स्वतःचे ग्राहीही असेच सुरक्षित आहेत, म्हणून तो स्वतःच्या विषाने मरत नाही. मुंगसाला भरपूर विष टोचले तर तोही दगावू शकतो. त्याचा खरा भर चपळाईवरच असतो.

काही जणांना काहीच का होत नाही? माणूस हे नागाचे भक्ष्य नाही. माणसाला तो चावतो तो स्वतःचा जीव वाचवायला, आणि पुष्कळदा विष न सोडताच. कधी सुळा ओझरता लागतो, कधी बूट किंवा जाड कापड आड येते. अशा कोरड्या दंशात सुळ्यांच्या खुणा असतात, पण विषबाधा नसते. भगताकडे ‘विष उतरलेले’ रुग्ण बहुतांशी हेच, नाहीतर बिनविषारी सापाचे. तिथे गेलेल्यांतले जे वाचले त्यांची गोष्ट गावभर होते. वाटेत गेलेल्यांबद्दल ‘उशीर झाला होता’ एवढेच बोलले जाते. कोणता दंश कोरडा आहे हे पहिल्या तासात ना भगताला कळते, ना मला. म्हणून दंश झालेल्या प्रत्येकाने निदान २४ तास रुग्णालयात देखरेखीखाली राहायचे. लक्षणे नसताना प्रतिविष मात्र द्यायचे नाही. घोड्याच्या प्रथिनांची तीव्र ॲलर्जी होऊ शकते, त्यासाठी ॲड्रेनालीन भरून जवळ ठेवावे लागते, आणि विनाकारण हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

लहान मुलांबद्दल वेगळे सांगायला हवे. नाग समोर मूल आहे म्हणून कमी विष सोडत नाही. तेवढेच विष बारा किलोच्या शरीरात शिरले की सगळा क्रम फार वेगाने घडतो, मूल उंदराच्या दिशेने सरकते. म्हणून मुलाला प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच द्यायची, वजनाप्रमाणे कमी करायची नाही. “एवढ्याशा जीवाला दहा बाटल्या?” म्हणून हात आखडणारे मी पाहिले आहेत. तो हात आखडू नये, एवढे मी हात जोडून सांगतो.

प्रतिविषाची एक मोठी उणीवही लपवून चालणार नाही. नाग एकाच जातीचा असला तरी त्याचे विष प्रदेशागणिक बदलते. राजस्थान, पंजाब, महाराष्ट्र, बंगाल इथल्या नागांच्या विषातल्या घटकांचे प्रमाण वेगवेगळे असते, तिथले खाणे आणि हवामान वेगळे असते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हे सविस्तर दाखवले आहे आणि काही प्रदेशांतल्या विषावर सध्याचे प्रतिविष कमी पडते, हेही. घोड्यांना टोचायचे विष एका राज्यातून गोळा होत असेल तर हे होणारच. वेगवेगळ्या प्रदेशांतले विष मिसळून प्रतिविष बनवणे हा उपाय सर्वांना माहीत आहे, तो रेंगाळू नये. दरम्यान प्रयोगशाळेत घडवलेली प्रतिद्रव्ये आणि संगणकाच्या मदतीने रचलेली छोटी प्रथिने या विषद्रव्यांना उंदरांत निष्प्रभ करू लागली आहेत, २०२४ आणि २०२५ मध्ये अशी कामे प्रसिद्ध झाली. ती आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या कपाटात यायला अवकाश आहे. आज हातात आहे तेच औषध लवकर देणे एवढेच आपल्याला करता येते.

लवकर हा शब्द मी मुद्दाम वापरतो. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यातली, निम्म्याहून अधिक पावसाळ्यातली, आणि मोठ्या संख्येने रुग्णालयात न पोहोचलेली. पान लागले, म्हणजे साप चावला, की आधी देवाला नारळ, मग भगत, मग कडुनिंबाचा पाला आणि मिरची चारून चव कळते का ते बघणे. ज्याचा घसा लुळा पडत चालला आहे त्याच्या तोंडात पाला कोंबणे म्हणजे त्याचा श्वासमार्ग बुजवणे. पाणी, दूध, तूप, काढा यांपैकी काहीही पाजू नका.

करायचे ते थोडे आहे. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण काढा, नंतर सुजेत ती रुततात. चावलेला हात किंवा पाय काठीच्या आधाराने न हलणारा ठेवा. आवळून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत वेळ जाणार असेल तर जी मिळेल ती गाडी काढा. वाटेत त्याला कुशीवर झोपवा. घशाचे स्नायू लुळे पडल्यावर उताणे झोपलेल्याची जीभ मागे पडते, लाळ आणि उलटी श्वासनलिकेत जाते. नुसत्या कुशीवर झोपवण्याने जीव वाचू शकतो. कोणी आधीच दोरी बांधली असेल तर ती रस्त्यात खसकन सोडू नका, अडलेले विष एकदम रक्तात जाऊन श्वास बंद पडू शकतो. रुग्णालयात प्रतिविष सुरू करून, श्वास द्यायची तयारी ठेवून ती सोडतात. श्वास थांबलाच तर तोंडाने श्वास देत राहा, गाडी थांबवू नका. अंबू बॅग दाबत तासन्‌तास प्रवास करून नातेवाइकांनी रुग्ण आणल्याची उदाहरणे आहेत, आणि ते रुग्ण वाचले आहेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनाही एक विनंती. व्हेंटिलेटर नाही म्हणून पहिली मात्रा न देता रुग्ण पुढे धाडू नका. प्रतिविष सुरू करा, पापण्या पडल्या असतील तर ॲट्रोपिन-निओस्टिग्मिन द्या आणि सोबत अंबू बॅग हाताळता येणारा माणूस पाठवा. तीस-चाळीस किलोमीटरच्या घाटरस्त्यात जे होते ते पुढच्या रुग्णालयाच्या हातात नसते.

भावाबद्दल शेवटचे. नागाच्या विषाने आलेला लकवा मागे अपंगत्व ठेवत नाही, थोडा थकवा काही दिवस राहील. घरी गेल्यावर आठवडाभराने ताप, सांधेदुखी, अंगावर गांध्या किंवा खाज आली तर घाबरू नका. विष परत चढलेले नसते, घोड्याच्या प्रथिनांना शरीराने दिलेली ती उशिराची प्रतिक्रिया असते. डॉक्टरांना दाखवा, औषधांच्या छोट्या कोर्सने ती जाते. जखमेचे ड्रेसिंग चुकवू नका, साखर तपासून घ्या, मधुमेह असेल तर जखम रेंगाळते. पूर्ण कातडी धरेपर्यंत चिखलात पाय घालायचा नाही, कितीही लावणी खोळंबली तरी. आणि एकदा नाग चावून उठला म्हणजे अंगात प्रतिकारशक्ती आली, असा समज गावात असेल तर तो काढून टाका. पुन्हा दंश झाला तर पुन्हा पहिल्याइतक्याच तातडीने रुग्णालय गाठायचे, आणि मागच्या वेळी प्रतिविषाने ॲलर्जी झाली होती का ते तिथल्या डॉक्टरांना आधी सांगायचे.